सोलापूरचा उन्हाळा आणि सडपातळ लॅपटॉप

कॉलेजच्या मुलांना लॅपटॉप हलका हवा, शिवाय त्यावर गेमही खेळायचे असतात. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. अनेक कंपन्या मात्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच लॅपटॉप वापरा म्हणतात. पातळ लॅपटॉपमध्ये पंखे लहान. चिप शंभर अंशांजवळ तापली की स्वतःच वेग कमी करते, गेम अडखळतो. म्हणून दुकानात नुसते कार्डाचे नाव नको, वॅट विचारा. आरटीएक्स ४०६० हे एकच कार्ड कुठे ३५ वॅटवर, तर कुठे ११५ वॅटवर चालते! गेमच खेळायचे असतील तर अर्धा किलो वजन जास्त परवडले. आणि सोलापुरी चादर कितीही लाडकी असो, लॅपटॉप तिच्यावर ठेवू नका. खालच्या जाळ्या बुजतात.