मानेकडून मेंदूला निरोप

मुलांनो, डोळे मिटा. दोन्ही अंगठे मानेच्या मागे, कवटी संपते तिथल्या खळग्यांत हलकेच टेकवा. डोकं मुळीच हलवायचं नाही. मिटल्या डोळ्यांनीच बुबुळं डावीकडे न्या, मग उजवीकडे. अंगठ्यांखाली काहीतरी बारीकसं हललं ना? नसेल जाणवलं तर सावकाश पुन्हा करून बघा. फिरले फक्त डोळे, पण हालचाल झाली मानेत!

तिथे खोलवर, दोन्ही बाजूंना चार-चार असे छोटे स्नायू आहेत. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं, चांगलं मोठं कलिंगडच म्हणा ना! ते पेलण्याचं बरंचसं काम मानेतले मोठे स्नायू करतात. मग हे छोटे कशाला? त्यांच्यात ताण ओळखणारे संवेदक खच्चून भरलेले असतात. डोकं किती वळलंय, किती झुकलंय, ही बातमी ते सारखी मेंदूला देतात.

तुम्ही म्हणाल, तोल तर कान सांभाळतो! बरोबर. पण नमस्कारासाठी नुसती मान झुकवली काय आणि सगळं अंगच पुढे कलंडलं काय, कानाच्या आतल्या भागाला दोन्ही जवळपास सारखंच वाटतं. पडतोय की नमस्कार करतोय, हे मेंदूला कळतं ते मानेमुळे! डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाच्या मानेमागे कंप देणारं यंत्र लावलं, तर तो चक्क पुढे झुकतो. कंपामुळे मानेचा निरोप बदलतो आणि मेंदू फसतो.

पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथली रक्तवाहिनी फुटते. बहुतेक वेळा उजव्या मेंदूला इजा झाली की शरीराची डावी बाजू लुळी पडते. काही आजी-आजोबांचं तर डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, तरी ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. मान आणि नजर सारखी उजवीकडे वळते. अशा माणसाला तोल सांभाळणं फार अवघड जातं.

1993 साली जर्मनीतले मेंदूतज्ज्ञ हान्स-ओटो कार्नाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मानेच्या मागच्या डाव्या स्नायूंना कंप दिला. काय आश्चर्य! कंप चालू असताना त्यांना डावीकडच्या गोष्टी जास्त चांगल्या ओळखता येऊ लागल्या. इजा मेंदूला झालेली, आणि मदत आली मानेकडून. मला तर हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

म्हणूनच पक्षाघातानंतरच्या व्यायामात फक्त हात-पाय नसतात. ताठ बसून डोकं मधोमध धरणं, मान सावकाश वळवून वस्तू शोधणं, हेही असतं. मेंदू हळूहळू पुन्हा शिकतो, पण त्याला रोजचा सराव लागतो.

तुमच्या घरी असे कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या फिजिओथेरपिस्टना विचारा, "मी कोणत्या बाजूला बसू?" ते डावीकडे म्हणाले, तर डावीकडे बसून गप्पा मारा. आजोबांना तुमच्याकडे बघायला मान वळवावी लागेल. त्यांनी वळवेपर्यंत घाई मात्र करू नका.