वीरियसमता : कार्यक्षमतेचा धम्मविचार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत, ग्रंथालयांत व विहारांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम घेतला जातो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याने आपल्या मुक्तिदात्याला ग्रंथवाचनाने अभिवादन करावे, हे सर्वथा उचित आहे. परंतु एक दिवस १८ तास बसणे वेगळे आणि वर्षानुवर्षे उत्तम काम करीत राहणे वेगळे. ही क्षमता टिकवावी कशी व वाढवावी कशी, या प्रश्नाचा विचार पालि साहित्यात 'वीरिय' या संज्ञेखाली झालेला आहे.

सोणाची वीणा

अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात आणि विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाची कथा येते. सुकुमारपणे वाढलेला हा श्रेष्ठिपुत्र भिक्खू झाला. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी चित्त मुक्त होईना. तेव्हा घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला त्याच्या पूर्वीच्या वीणावादनाचे स्मरण करून दिले. तारा अतिशय ताणल्या तरी वीणा नीट वाजत नाही आणि सैल सोडल्या तरी वाजत नाही. त्याचप्रमाणे अतिप्रयत्नाने 'उद्धच्च' म्हणजे चित्ताची अस्वस्थता उत्पन्न होते व शैथिल्याने 'कोसज्ज' म्हणजे आळस. म्हणून प्रयत्नात समत्व, म्हणजेच 'वीरियसमता', साधली पाहिजे. येथे तथागतांनी सोणाला प्रयत्न सोडावयास सांगितले नाही. प्रयत्नाचा सूर लावावयास सांगितले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

चार प्रयत्न

सम्यक व्यायामाचे चार विभाग सांगितले आहेत : संवर, पहान, भावना आणि अनुरक्खणा. मुळात ते कुशल-अकुशल चित्तवृत्तींविषयी आहेत. पण प्रत्येक काम अखेर चित्तानेच होत असल्यामुळे ते कामालाही लागू पडतात. विक्षेप उत्पन्न होण्यापूर्वीच त्याला रोखणे हा संवर. अभ्यासाला बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे, हे त्याचे आजचे साधे उदाहरण. उत्पन्न झालेला आळस सोडणे हे पहान. फार थंडी आहे, फार ऊन आहे, अजून लवकर आहे, आता उशीर झाला, अशा आळशी मनुष्याच्या सबबी सिगालोवाद सुत्तात नोंदविलेल्या आहेत. त्या आजही जुन्या वाटत नाहीत. जे कौशल्य अंगी नाही ते रोज थोडे थोडे संपादन करणे ही भावना.

चौथ्या प्रयत्नाकडे मात्र आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते. अनुरक्खणा म्हणजे जे संपादन केले ते नष्ट होऊ न देता त्याची वृद्धी करणे. झोप, आहार, उजळणी आणि विश्रांती यांचे स्थान येथे आहे. विश्रांती ही कामाची वैरीण नसून कामाचे रक्षण करणारी आहे.

बाबासाहेबांचे माप

५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेत सांगितले की, मसुदा समितीचे इतर सदस्य निरनिराळ्या कारणांनी दूर राहिल्यामुळे मसुद्याचा भार अखेर डॉ. आंबेडकरांवर पडला. त्या काळात बाबासाहेब मधुमेहाने त्रस्त होते. स्वतः इतके श्रम करणाऱ्या या पुरुषाने ते माप श्रमिकांना मात्र लावले नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचे कमाल तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. स्वेच्छेने पत्करलेला परिश्रम आणि लादलेला परिश्रम यांतील भेद ते पूर्णपणे जाणत होते.

तार कोणाच्या हाती?

हा भेद उमापूरच्या वाचकाला निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गेवराई तालुक्यातील हे गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तो ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मुकादमाकडून उचल घेऊन पती-पत्नीचा 'कोयता' हंगामभर फडावर राबतो. मजुरी टनावर मिळते आणि खाडा पडला तर पैसे कापले जातात. या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला, तेव्हा राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. खाड्याची भीती कोणत्या थराला जाते, हे त्यातून दिसले. येथे उत्पादन आहे, पण वीरियसमता नाही. कारण तार सैल करण्याचा अधिकारच वाजविणाऱ्याच्या हाती नाही.

सिगालोवाद सुत्त या ठिकाणी मालकाकडे वळते. कामगाराला त्याच्या बळानुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थांत वाटा द्यावा आणि योग्य वेळी सुटी द्यावी, अशी पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. कामगारानेही काम चोख करावे, अशी अपेक्षा आहे. परंतु मालकाची कर्तव्ये आधी येतात.

म्हणून १८ तास अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी किती तास नियमाने बसावयाचे, हेही ठरवावे. आणि नोकरीत, पंचायतीत वा संस्थेत अधिकारपदावर पोहोचलेल्या उपासकाने आपल्या हाताखालील मनुष्याला बळापुरते काम व वेळेवर सुटी मिळते किंवा नाही, हे प्रथम पाहावे. आपल्या प्रयत्नाचा सूर आपण लावावा आणि दुसऱ्याला त्याचा सूर लावण्याची मोकळीक द्यावी, हाच कार्यक्षमतेविषयीचा धम्मविचार होय.