व्यावसायिक शिफारस करार : स्वरूप व मांडणी (विशेष संदर्भ : अक्कलकोट)

प्रस्तावना :
श्री स्वामी समर्थांचे वास्तव्य व १८७८ मधील समाधी यांमुळे अक्कलकोट हे महाराष्ट्रातील प्रमुख यात्रास्थळ बनले. अक्कलकोट रोड हे रेल्वे स्थानक शहरापासून दूर आहे. शिवाय अनेक भाविक पुढे कर्नाटकातील गाणगापूर किंवा तुळजापूर, पंढरपूर येथे जातात. साहजिकच निवासगृहचालक, रिक्षाचालक व जीपमालक यांचा व्यवसाय परस्परांच्या शिफारशीशी निगडित असतो. एकाने ग्राहक पाठवावा व दुसऱ्याने कमिशन द्यावे, हा व्यवहार यात्रास्थळी बहुधा तोंडीच होतो. तो लेखी करताना कोणत्या बाबी निश्चित कराव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न :
भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये 'शिफारस करार' असा स्वतंत्र प्रकार नाही. कलम १० मधील अटी पूर्ण झाल्यास तोंडी करारही सामान्यतः वैध ठरतो. अडचण येते ती पुराव्याची. खरी गुंतागुंत मात्र शिफारस करणारा हा कलम १८२ नुसार प्रतिनिधी ठरतो काय, या प्रश्नात आहे. केवळ पत्ता दाखविणारा रिक्षाचालक निवासगृहाचा प्रतिनिधी नव्हे. परंतु मालकाने त्याच्या हाती दरपत्रके दिली आणि त्याने कबूल केलेले दर वेळोवेळी मान्य केले, तर कलम २३७ लागू होऊ शकते. अशा वेळी 'खोली ८०० रुपयांत मिळेल' हे त्याचे वचन मालकावर बंधनकारक ठरण्याचा संभव असतो. म्हणून दर ठरविण्याचा अधिकार शिफारस करणाऱ्यास नाही, हे करारात नमूद करावे व वर्तनातही पाळावे. निव्वळ कागदावरील कलम येथे उपयोगी पडत नाही.

कमिशन केव्हा देय होते ?
कलम २१९ नुसार, विशेष करार नसल्यास प्रतिनिधीचा मोबदला कार्य पूर्ण झाल्यावर देय होतो. परंतु कार्य पूर्ण झाले म्हणजे काय ? भाविकास दारापर्यंत आणणे, त्याने खोली घेणे, की संपूर्ण देयक चुकते करणे ? तेच कुटुंब पुढील वर्षी परस्पर आले, तर कमिशन द्यावे काय ? बहुतेक तंटे येथेच उद्भवतात. देयक भरल्यावर, कर वगळून उरलेल्या रकमेवर आणि केवळ पहिल्या मुक्कामापुरते कमिशन, असा स्पष्ट उल्लेख असल्यास वादाला फारशी जागा राहत नाही.

या व्यवहारात तिसरा पक्षही असतो, आणि कमिशनचा भार बहुधा त्याच्याच खिशावर पडतो. भाविकांकडून शुल्क घेणारा सहल-आयोजक हा भाविकांचाच प्रतिनिधी असतो. त्याने निवासगृहाकडून गुप्तपणे कमिशन घेतल्यास, कलम २१६ मागील तत्त्वानुसार तो लाभ भाविकांस मागता येतो. यास्तव कमिशन उघड करण्याची अट करारात असणे मालकाच्याही हिताचे आहे.

इतर बाबी :
'अन्य निवासगृहाकडे ग्राहक पाठवू नयेत' ही अट कराराच्या मुदतीत सामान्यतः टिकते; मुदतीनंतर ती कलम २७ नुसार निरर्थक ठरते. कमिशनवरील उद्गम करकपातीचा दर ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला, तर एप्रिल २०२५ पासून तिची वार्षिक मर्यादा २०,००० रुपये झाली. लहान व्यावसायिकांचा तिच्याशी सहसा संबंध येत नाही.

प्रत्येक शिफारशीचा मात्र असा करार होऊ शकत नाही. आजारी भाविकास दवाखान्यात नेणाऱ्यास डॉक्टरने कमिशन देणे २००२ च्या वैद्यकीय व्यवसाय आचारनियमांनुसार निषिद्ध आहे.