शेकोटीची चौकट आणि काँक्रीटमधले पाणी

थंड प्रदेशांतील घरांत भिंतीत बांधलेल्या शेकोटीचे, म्हणजे फायरप्लेसचे, दोन भाग असतात: लाकूड जळते तो अग्निरोधक विटांचा कोनाडा आणि त्याच्या तोंडाभोवतीची दर्शनी चौकट. ही चौकट संगमरवराची किंवा लाकडाची करण्याची रीत जुनी आहे. ती काँक्रीटमध्ये घरीच ओतण्याची हौस अमेरिकेत अलीकडे रुजली असून, कॅलिफोर्नियातील बर्कली येथील रचनाकार फू-टुंग चेंग यांनी २००५ सालच्या ‘काँक्रीट ॲट होम’ या पुस्तकात शेकोट्यांचाही विचार केला आहे. चौकटीला ज्वाळा थेट लागत नसल्यामुळे तिचे आयुष्य मुख्यतः तिच्यातील पाणी कसे हाताळले यावर ठरते.

काँक्रीट वाळून घट्ट होते हा समज चुकीचा आहे. सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेटे पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून वाळू व खडी यांना बांधून ठेवणारा चिवट पदार्थ आणि त्याबरोबर चुना तयार होतो. या क्रियेला जलसंयोग म्हणतात. रासायनिकरीत्या बांधले जाणारे पाणी सिमेंटच्या वजनाच्या सुमारे पाव भागाइतकेच असते, आणि नव्याने बनलेल्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकणारे पाणी धरले, तरी एकंदर गरज ०.४ पटीच्या आसपास राहते. मिश्रण साच्यात सहज पसरावे म्हणून याहून बरेच जास्त पाणी घातले, तर ते पुढे उडून जाऊन पोकळ्या मागे ठेवते, पृष्ठभाग आकसतो आणि केसासारख्या भेगा पडतात. प्रवाहीपणासाठी पाण्याऐवजी प्लास्टिसायझर हे द्रव्य वापरणे म्हणूनच श्रेयस्कर. उलट, ओतल्यानंतर पाणी लवकर उडाले तर जलसंयोग अर्धवट थांबतो, आणि आपल्याकडे गवंडी नव्या बांधकामावर दिवसेंदिवस ‘पाणी मारतात’ त्यामागे हेच कारण आहे. चौकट ओल्या गोणपाटाखाली व प्लास्टिकखाली किमान आठवडाभर झाकून ठेवावी. काँक्रीटच्या ताकदीचा प्रमाण हिशोब मात्र २८ दिवसांचा असतो.

दीड मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर जाड अशा चौकटीच्या काँक्रीट फळीचे वजन सुमारे ५४ किलो भरते, त्यामुळे काचतंतू मिसळून ती पातळ करण्याचा मार्ग शहाणपणाचा ठरतो. मात्र साधी काच सिमेंटच्या अल्कलीने झिजते, म्हणून झिर्कोनियायुक्त तंतूच लागतात. गुळगुळीत मेलामाइन-लेपित फळ्यांच्या साच्यात दर्शनी बाजू खाली ठेवून ओतल्यास तोच गुळगुळीतपणा काँक्रीटवर उतरतो.

साच्यातून काढल्यावर पृष्ठभागावर उरलेली बारीक छिद्रे सिमेंटच्या लगद्याने बुजवून, मोझॅकच्या फरशीप्रमाणेच, तो हिऱ्याच्या चकत्यांनी क्रमाक्रमाने घासतात. घासताना पाणी सोडणे अत्यावश्यक आहे, कारण कोरड्या धुळीतील सिलिका फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा असाध्य विकार जडवते. त्यानंतर लावलेले लिथियम सिलिकेट मोकळ्या चुन्याशी संयोग पावून त्याच बांधणाऱ्या पदार्थाची भर घालते व पृष्ठभाग कठीण करते. मेणाचे पॉलिश सुंदर दिसते, पण पॅराफिन साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसला वितळत असल्याने शेकोटीच्या तोंडाजवळ ते टाळावे.

बसवल्यावर काँक्रीट तापून प्रसरण पावते: दीड मीटरच्या फळीचे तापमान ५० अंशांनी वाढले की ती पाऊण मिलिमीटरच्या आसपास लांबते, तेव्हा टोकांशी तेवढी तरी जागा सोडावी. आत ओल राहिली असताना मोठा जाळ केला तर वाफेच्या दाबाने पापुद्रे उडू शकतात. म्हणून पहिले जाळ लहान ठेवतात आणि दरवेळी चौकट पूर्ण थंड होऊ देतात.