रूळ सरळ कशावरून?



शाळेंत भूमिति शिकवीत असतांना मी मुलांना एक प्रश्न नेहमीं विचारीत असें : ज्या पट्टीनें तुम्ही रेघ ओढतां, ती पट्टीच सरळ कशावरून? निवृत्तीनंतर हाच प्रश्न माझ्या घरीं परत आला. माझ्या नातवानें लांकूड कोरणारें लहानसें सी.एन.सी. यंत्र घरींच जुळविलें. संगणकाच्या आज्ञेप्रमाणें त्याचें हत्यार दोन पोलादी रुळांवरून पुढेंमागें सरकतें. पहिल्याच दिवशीं तें एका टोकाला अडलें, आणि शेजाऱ्यांच्या दारावर लावावयाची सागवानी पाटी फुकट गेली. "अधिक जोराची मोटर आणतों," असें तो म्हणाला. मीं म्हटलें, "बाळ, आधीं रूळ पाहूं."

प्रत्येक रूळ सरळ हवा, दोन्ही समांतर हवेत, आणि दोन्ही एकाच पातळींत हवेत. रूळ पोलादी खरा, पण बारीक. ज्या तुळईवर तो बोल्टांनीं आवळावा, तिचा बांक तो मुकाट्यानें घेतो. शिवाय दोन्ही रूळ सारखेच वांकले, तर त्यांतील अंतर सर्वत्र सारखें भरतें, पण कोरलेली रेघ वांकडी निघते. एकमेकांशीं जुळणें म्हणजे सरळ असणें नव्हे. सपाट पृष्ठांविषयीं १८४० सालीं ग्लासगो येथें निबंध वाचणारा जोसेफ व्हिटवर्थ याच कारणास्तव दोन नव्हे, तर तीन पृष्ठें आळीपाळीनें एकमेकांशीं ताडून खरवडीत असे. दोनच घेतलीं, तर एक फुगीर व दुसरें खोलगट असूनही तीं नेमकीं जुळतात.

म्हणून प्रथम पट्टीची परीक्षा करावी. तिच्या कडेनें रेघ ओढावी. मग तीच कड ठेवून पट्टी पालथी करावी व त्याच दोन बिंदूंतून दुसरी रेघ ओढावी. मध्यें फट दिसली, तर पट्टीचा बांक त्या फटीच्या निम्मा आहे. पेन्सिलीच्या रेघेंत न दिसणारा बांक डायल गेज दाखवितें. तें मिलिमीटरचा शंभरावा हिस्साही मोजतें.

आतां एक रूळ गुरु मानावा. खऱ्या ठरलेल्या पट्टीला तो टेकवून त्याचे बोल्ट एकेक करून आवळावे. नंतर गुरुरुळावरील सरकत्या ठोकळ्यावर डायल गेज बसवावें आणि त्याचें टोंक दुसऱ्या रुळाच्या बाजूस टेकवावें. ठोकळा हळूहळू सरकवावा; जेथें कांटा हलेल, तेथें रूळ किंचित् सारून बोल्ट आवळावा. मग टोंक रुळाच्या माथ्यावर ठेवून उंची तपासावी. जेथें तो खालीं असेल, तेथें पातळ पत्र्याची शिम घालावी. साधा कागदसुद्धां सुमारें ०·१ मिलिमीटर जाडीचा असतो, हें ध्यानांत ठेवावें. येथें पाणसळ पुरी पडत नाहीं.

शेवटची परीक्षा बोटाची. मोटर जोडण्यापूर्वीं, आडवी तुळई बसवून ती एका बोटानें या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलावी. कोठें जड लागली, तर तेथें अजून दोष आहे. जोराची मोटर तो झांकील, घालविणार नाहीं. उलट रूळ व ठोकळे लौकर झिजतील.

आमचे दोन रविवार या कामीं गेले. नवी मोटर घ्यावी लागली नाहीं, आणि शेजाऱ्यांच्या दारावर आज दुसरी पाटी आहे. तिच्यावरील अक्षरांखालची रेघ मीं पट्टी लावून पाहिली. अर्थात् पट्टी पालथी करूनही.