मागे गठ्ठा, पुढे थरथर : उंच मोटारसायकल वेगात का डळमळते?

आठवडी बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याचे अर्धे दुकान मोटारसायकलवर असते. मुलचेरा, अहेरी, चामोर्शी भागात तर हे रोजचे दृश्य आहे. सकाळी साड्या, लुंग्या, टॉवेलांचा गठ्ठा मागे आवळायचा, बाजार करायचा आणि दिवस मावळण्याच्या आत घर गाठायचे. गाडीवरच रोजी आहे, म्हणून गाडीचे वागणे समजून घेणे हा धंद्याचाच भाग आहे.

अलीकडे आपली तरुण मुले कच्च्या आणि पक्क्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या उंच गाड्या पसंत करतात. 2011 मध्ये हिरोची इम्पल्स आली, 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि 2019 मध्ये हिरोची एक्सपल्स. पुढचे चाक मोठे, शॉकअप लांब, पोट जमिनीपासून उंच. नाला, खड्डा, चिखल यांतून अशी गाडी सहज निघते. पण तीच गाडी मागे गठ्ठा बांधून डांबरी रस्त्यावर सत्तर-ऐंशीच्या वेगाने नेली, की काहींना हँडल डावी-उजवीकडे थरथरल्याचा अनुभव येतो. मग कोणी गाडीला दोष देतो, कोणी मिस्त्रीला. खरे पाहता बहुतेक वेळा दोष हिशोबाचा असतो.

तराजूचा हिशोब

आपण तराजू ओळखणारी माणसे आहोत, म्हणून तराजूनेच पाहू. समजा गाडीच्या दोन चाकांच्या मधले अंतर 1.4 मीटर आहे. 30 किलोचा गठ्ठा मागच्या आखाच्या 30 सेंटिमीटर मागे बांधला. आता मागचा आख म्हणजे तराजूचा काटा झाला. गठ्ठा मागून खाली दाबतो आणि पुढचे चाक वर उचलू पाहतो. हिशोब केला तर पुढच्या चाकावरचे सुमारे साडेसहा किलो वजन कमी होते आणि मागच्या चाकावर 30 नव्हे, साडेछत्तीस किलो पडतात. तोच गठ्ठा आखाच्या पुढे, सीटवर घेतला तर पुढचे चाक हलके होत नाही. माल तोच, फक्त जागा बदलली.

दुसरा हिशोब वाऱ्याचा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. उंच गाडीवर माणूस ताठ बसतो. छातीवर आणि मागच्या रुंद गठ्ठ्यावर वारा आदळतो आणि गाडीचा वरचा भाग मागे ढकलतो. त्यामुळे पुढचे चाक आणखी हलके होते. ज्या गाडीचा पुढचा मडगार्ड चाकापासून बराच वर असतो, तिथे चाकात चिखल अडकत नाही हे खरे, पण वेगात तोच मडगार्ड वारा पकडतो आणि हँडल ओढतो.

हँडल सरळ कशामुळे राहते?

हातगाडीचे फिरते चाक आठवा. गाडी ढकलली की ते आपोआप मागे वळून सरळ रेषेत येते. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचेही तसेच आहे. हँडलचा दांडा तिरका असतो. तो तसाच जमिनीपर्यंत नेला तर जिथे टेकेल, त्याच्या थोडे मागे टायर जमिनीला टेकतो. या अंतरामुळे चाक आपोआप सरळ होत राहते. परंतु त्यासाठी चाकावर पुरेसे वजन हवे. चाक हलके झाले की सरळ होण्याची ओढ कमी पडते आणि छोट्या खड्ड्याचा धक्काही थरथर सुरू करू शकतो.

लांब शॉकअपची आणखी एक गोष्ट आहे. जोरात पुढचा ब्रेक दाबला की उंच गाडीचे नाक खूप खाली जाते. दांडा उभा होतो आणि ते उपयोगी अंतर घटते. म्हणजे आपण घाबरून ब्रेक मारतो, नेमक्या त्याच क्षणी गाडी जास्त अस्थिर होते.

थरथर दोन प्रकारची असते. एकात फक्त हँडल झपाट्याने हलते. त्यात बहुधा पुढचा टायर, कोनसेट किंवा वजनाची मांडणी तपासावी. दुसऱ्यात सगळी गाडीच सापासारखी सावकाश डुलते. त्यात मागचा भार, मागच्या टायरची हवा आणि चिमट्याचे बुश तपासावेत.

टायर आणि हवा

मोठ्या खाचांचा टायर चिखलात पकड देतो, पण डांबरावर त्याचे रबरी ठोकळे वाकतात आणि गाडी तरंगल्यासारखी वाटते. चिखलासाठी काहीजण हवा कमी करतात आणि पक्क्या रस्त्याला लागल्यावर भरायची विसरतात. ही मोठी चूक आहे. टायरच्या बाजूला एक इंग्रजी अक्षर असते. ते जास्तीत जास्त किती वेग चालेल ते सांगते : ‘एम’ म्हणजे 130 आणि ‘पी’ म्हणजे 150 किलोमीटर. पण ही मर्यादा टायरमध्ये योग्य हवा असेल तरच खरी.

खबरदारी

1) जड माल खाली आणि पुढे. गठ्ठ्याचे दोन भाग करून दोन्ही बाजूंच्या थैल्यांत सारख्या वजनाने भरावेत. हलके कापड तेवढे वर ठेवावे.

2) हँडलला पिशवी अजिबात लटकवू नये. हँडलवरचे वजन हँडलसोबत झुलते आणि थरथर वाढवते.

3) दोरी अशी आवळावी की गठ्ठा हाताने हलवला तर गाडीही हलली पाहिजे. गठ्ठा एकटा हलत असेल तर बांधणी कच्ची आहे.

4) गाडीच्या पुस्तिकेत भारासाठी मागच्या टायरची हवा वेगळी दिलेली असते, तेवढी भरावी. मागच्या शॉकअपचा ताणही भाराप्रमाणे वाढवावा.

5) गाडी मधल्या स्टँडवर घेऊन किंवा पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मधोमध अडकल्यासारखे झाले किंवा दांडा पुढे-मागे खडखडला, तर कोनसेट तपासून घ्यावा. चाकाच्या तारा ढिल्या नाहीत ना, रिंग आऊट नाही ना, हेही पाहावे.

थरथर सुरू झालीच तर

हँडल गच्च आवळू नका. हाताचा ताठरपणा थरथरीला खतपाणी घालतो. गुडघ्यांनी टाकी धरा, अंग पुढे झुकवा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. ब्रेक एकदम दाबू नका. वेग उतरला की थरथर बहुधा आपोआप थांबते. मग बाजूला थांबून गठ्ठा आणि हवा पाहा, तशीच गाडी पुढे दामटू नका.

आष्टी–आलापल्ली मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक पाहिले की ही गोष्ट आणखी पटते. समोरून मोठा ट्रक गेला की हवेचा धक्का आधी ढकलतो, मग ओढतो. ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. तेवढ्या वेळात माणूस जेमतेम सावध होतो. पन्नासच्या वेगात तेच अंतर 14 मीटर होते. वीस किलोमीटरच्या रस्त्यावर ऐंशीऐवजी पन्नासने गेलो तर नऊ मिनिटे जास्त लागतात. नऊ मिनिटांत बाजार उठत नाही.

शेवटी एक धंद्याची गोष्ट. गाडीच्या विम्यात गठ्ठ्यातला माल धरलेला नसतो. गाडी पडली तर कापड चिखलात जाते, तो तोटा आपलाच. हात-पाय मोडला तर हंगामही जातो. गाडी घेणाऱ्या मुलाला किंमत आणि मायलेज आपण सगळेच विचारतो. गठ्ठा कुठे बांधणार, हेही त्याला विचारून ठेवावे.