परमुलखातली मिळकत आणि यवतमाळची वस्ती

यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी ज्याने तीस-पस्तीस वर्षे शाळेत, बँकेत किंवा तहसील कचेरीत इमानाने नोकरी केली, त्याच्या हाती निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधीची आणि उपदानाची जी रक्कम येते, ती त्याच्या आयुष्यातली पहिली आणि बहुधा शेवटचीच मोठी रक्कम असते. आणि म्हणूनच ती कोठे घालावी याचा विचार त्या घरात वर्षभर आधीपासून चालू असतो. थोरला भाऊ म्हणतो की लोहाऱ्याकडे किंवा वडगावच्या बाजूला एखादा प्लॉट घेऊन टाकावा. जावई नागपूरच्या बेसा-वर्धा रस्त्याकडे बोट दाखवतो. आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा वाघोलीतल्या एखाद्या संकुलाचा नकाशा मोबाइलवर पाठवतो. तिन्ही सल्ले आपुलकीचे असतात. पण राहण्यासाठी घर हवे आहे की वाढण्यासाठी पैसा गुंतवायचा आहे, हा मूळ प्रश्न त्यांच्यातला कोणीच स्पष्ट विचारीत नाही, आणि तो विचारला न गेल्यामुळेच आपली मध्यमवर्गीय कुटुंबे असे घर घेतात की ज्यात ती राहत नाहीत आणि ज्यातून त्यांना पुरेसे उत्पन्नही होत नाही.

दूरच्या मुलखात पैसा घालून जमीन धरण्याचा व्यवहार या जिल्ह्याला मुळीच नवा नाही. फरक इतकाच की पूर्वी तो पैसा बाहेरून आत येत असे. १८५३ च्या करारान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर, ज्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत आणि ज्याचे यवतमाळ असे नामांतर १९०५ साली झाले, त्या भागातली ओसाड पडलेली गावे सरकारने दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने देण्यास आरंभ केला, आणि लागवड वाढवण्याच्या बोलीवर ती घेणारा इजारदार कित्येकदा त्या गावचा रहिवासी नसे. आजही येथल्या कितीतरी गावांच्या नावापुढे इजारा हा शब्द महसुली दप्तरात कायम आहे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रजी पेढीच्या भांडवलावर यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद मापाची रेल्वे झाली, जिला लोकांनी शकुंतला म्हणून मायेने जवळ केले, आणि तिच्या डब्यांतून येथला कापूस मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला. जमीन येथली, श्रम येथले आणि मालक दूरचा, ही स्थिती आपल्या आजोबा-पणजोबांनी अनुभवलेली आहे. आज त्यांचेच नातू पुण्याच्या आणि नागपूरच्या सरहद्दीवर स्वतः दूरचे मालक होऊ पाहत आहेत, तेव्हा दूरच्या मालकाला काय काय सोसावे लागते याचा हिशेब त्यांनी आधी मांडावा, हे योग्यच आहे.

प्रथम घरच्या वस्तीचाच विचार करू. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दीतली लोकसंख्या १ लाख १६ हजारांच्या घरात भरली. पण शहराचा खरा विस्तार त्या आकड्यात मावत नव्हता, कारण लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, पिंपळगाव आणि भोसा या लगतच्या गावांच्या शेतांत प्लॉट पडून तेथे शिक्षक, कारकून, दवाखान्यांतले कर्मचारी आणि जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेले कास्तकार केव्हाचे घरे बांधून राहू लागले होते. गेल्या दशकातल्या हद्दवाढीने ही गावे नगरपरिषदेत आली. या वस्त्यांतले जीवन मला मनापासून आवडते. पठारावरच्या या शहराची हवा खालच्या वर्धा-वणीच्या उष्म्यापेक्षा किंचित सौम्य आहे, घराभोवती चार झाडे लावण्याइतकी जागा अजून परवडते, आणि शेजारी कोण राहतो हे माणसाला ठाऊक असते. परंतु घरे आधी आणि नागरी सोयी मागाहून, अशी ही वाढ झाल्यामुळे गटारे, रस्ते आणि विशेषतः पाणी या बाबतीत तिची फार ओढाताण झालेली आहे.

पाण्याचे प्रकरण विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथल्या मिळकतीचे खरे मोल त्यानेच ठरते. निळोणा आणि चापडोह हे दोन जलाशय शहराची तहान भागवीत आले; पण २०१७ चा पावसाळा अपुरा झाला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येऊ लागले, घरोघरी टँकरची वाट पाहावी लागली, आणि ज्यांनी लक्षावधी रुपयांची घरे बांधली होती त्यांच्या अंगणातल्या बोअर कोरड्या पडल्या. असे का झाले हे समजण्यास येथल्या भूमीची रचना पाहावी. शहर आणि भोवतालचा बराचसा प्रदेश काळ्या कातळाच्या थरांवर वसलेला आहे. या कातळात पाणी साठते ते केवळ भेगांत आणि कुजलेल्या मुरमाच्या थरांत, त्यामुळे शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागले म्हणून आपल्याही लागेल याची शाश्वती नसते. बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पातून शहराकडे जलवाहिनी टाकण्याची योजना अशाच टंचाईच्या पार्श्वभूमीवर हाती घेण्यात आली. म्हणून ज्याला या भागात प्लॉट घ्यायचा आहे त्याने तो एप्रिल-मे महिन्यांत पाहावा आणि विकणाऱ्यापेक्षा आजूबाजूच्या गृहिणींना पाण्याविषयी विचारावे. जमिनीचा पोतही त्याच वेळी दिसून येतो: काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि जोत्याखालची ती माती उकरून मुरमाची भर घातल्याशिवाय किंवा पाया खालच्या कठीण थरापर्यंत नेल्याशिवाय बांधलेल्या भिंतींना दोन-चार वर्षांतच तडे जातात. प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून आनंदलेल्या माणसाला हा खर्च पुढे कळतो.

यानंतर कागदपत्रांचा विषय येतो, आणि तेथे उतावीळपणा सर्वांत महाग पडतो. इसार देण्यापूर्वी सातबारा पाहणे पुरेसे आहे अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः सातबारा हा महसुली नोंदीचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, आणि त्यामागची फेरफारांची साखळी, वारसांच्या सह्या, बँकेचा बोजा, भोगवटादार वर्ग एक की दोन, हे सर्व तपासल्याशिवाय तो उतारा अर्धवटच बोलतो. शहरी मोजणी झालेल्या भागात आखीव पत्रिका पाहावी लागते, आणि नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी, जमीन असेल तर भाडेपट्ट्याची मुदत व शर्तीही. विदर्भासाठी १९५८ साली झालेल्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने जमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यावर निर्बंध घातले. तरीही शहरांच्या कडेला गुंठ्यागुंठ्याने विक्री होतच राहिली, म्हणून २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. अलीकडे शासनाने अकृषिक वापराची प्रक्रिया बरीच सुलभ केली आहे आणि तुकडेबंदीतही सवलती दिल्या आहेत. तथापि नियमित होण्याजोगा प्लॉट आणि नियमित झालेला प्लॉट यांत फार अंतर आहे, आणि त्या अंतराची किंमत विकणारा नव्हे, घेणारा मोजतो.

या जिल्ह्यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. येथली अठरा टक्क्यांहून अधिक वस्ती गोंड, कोलाम, परधान, आंध अशा आदिवासी समाजांची आहे, आणि महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ अन्वये त्यांची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि शासनाच्या पूर्वमंजुरीवाचून तो व्यवहार उभाच राहत नाही. १९७४ च्या कायद्याने तर अशा गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव या बाजूंना कोणी स्वस्त जमीन दाखवली, तर मूळ खातेदार कोण होता हे विचारणे हे केवळ स्वतःचा पैसा सुरक्षित ठेवण्यासाठी नव्हे, तर न्यायाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. पिढ्यान्‌पिढ्या फसवल्या गेलेल्यांच्या शेतावर आपल्या म्हातारपणाची तरतूद उभी करू नये, असे मला कळकळीने वाटते.

आता परमुलखाकडे वळू. नागपूर हे यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटर, सकाळच्या एस.टी.ने निघालेला मनुष्य प्लॉट पाहून रात्री घरी परतू शकतो, आणि ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही. मिहान, मेट्रो आणि समृद्धी महामार्ग यांच्या आशेने नागपूरच्या दक्षिणेकडील शेते ले-आऊटांनी भरून गेली आहेत. १९३६ पासून नागपूर सुधार प्रन्यास, आणि आता शहराबाहेरच्या पट्ट्यात महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, यांनी मंजूर केलेला नकाशा आणि आर.एल. म्हणजे प्लॉटच्या मंजुरीचे पत्र पाहिल्यावाचून तेथे पाऊल टाकू नये. अनधिकृत ले-आऊटांचे नियमितीकरण त्या शहरात किती दीर्घकाळ रेंगाळते हे ५७२ आणि १९०० या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या ले-आऊटांच्या रहिवाशांना चांगले ठाऊक आहे. शिवाय मोकळ्या प्लॉटला राखण लागते. दुसऱ्याने कुंपण घालून उघडपणे कब्जा केला आणि मालकाने १२ वर्षे हरकत घेतली नाही, तर मुदतीच्या कायद्याने मालकाचा दावाच बुडण्याचा संभव असतो. वर्षातून दोनदा जाऊन उभे राहणे, चतुःसीमेचे दगड पाहणे, कराची पावती आपल्या नावे घेणे, एवढे नागपूरला जमते. दूरच्या गावी जमत नाही.

पुणे हे त्याच अर्थाने दूर आहे. तेथे मोकळा प्लॉट नव्हे, फ्लॅट घेतला जातो, आणि २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यामुळे, ज्याची महाराष्ट्रातली अंमलबजावणी महारेरा हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून करीत आहे, ग्राहकाला पूर्वीपेक्षा पुष्कळ संरक्षण मिळाले आहे: प्रकल्पाची नोंदणी, चटई क्षेत्रावर आधारलेली किंमत, आणि जमा रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन. परंतु कायदा किंमत वाढण्याची हमी देत नाही. समजा, ६० लाखांचा फ्लॅट २० लाख पदरचे आणि ४० लाख कर्जाऊ घालून घेतला, आणि तो दरमहा १५ हजार भाड्याने गेला. वर्षाचे १ लाख ८० हजार आले. त्यातून देखभालीचे ३६ हजार, भाडेकरू बदलताना रिकाम्या गेलेल्या महिन्याचे १५ हजार आणि कर व दुरुस्तीचे १२ हजार वजा केले तर हाती १ लाख १७ हजार राहतात, म्हणजे किमतीवर दोन टक्केसुद्धा नाही. साडेआठ टक्के दराने पहिल्या वर्षाचे केवळ व्याजच ३ लाख ४० हजार होते. ही तूट भरून निघण्यासाठी फ्लॅटची किंमत दरवर्षी पावणेचार टक्क्यांनी वाढलीच पाहिजे, आणि मुद्रांक शुल्क व स्वतःचे २० लाख अडकून पडले याचा मोबदला त्यावर वेगळा. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे ही गावे २०२१ साली महापालिकेत गेली खरी, पण पाणी आणि रस्ते यांसाठी तेथील रहिवाशांचीही यवतमाळच्या हद्दवाढीतल्या लोकांसारखीच प्रतीक्षा चालू राहिली आहे.

मुलगा त्याच फ्लॅटमध्ये राहणार असेल तर गोष्ट निराळी. मग ते घर होते, आणि घराचा हिशेब भाड्याने करायचा नसतो. मात्र त्याची नोकरी हिंजवडीला आणि घर वाघोलीला, अशी शहराच्या दोन टोकांची जोडी असेल, किंवा दोन वर्षांनी तो बंगळूरला जाणार असेल, तर वडिलांच्या पुंजीवर त्याला तेथे बांधून ठेवणे दोघांच्याही हिताचे नाही. आणि आई-वडिलांना दहाव्या मजल्यावर नेऊन ठेवण्याचा विचार असेल तर त्यांना आधी चार-सहा महिने तेथे भाड्याने राहू द्यावे. तीस वर्षांचे शेजार, ओळखीचा डॉक्टर आणि संध्याकाळी पायी जाण्याजोगे देऊळ यांची किंमत कोणत्याही मूल्यांकन-पत्रकात येत नाही, पण म्हातारपणी ती रोज मोजावी लागते.

माझे मत सांगायचे तर, राहण्याचे घर यवतमाळातच, मंजूर ले-आऊटात आणि पाण्याची खात्री करून बांधावे. दूरची मिळकत घ्यायचीच असेल तर ती एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर असावी. आणि उरलेला पैसा असा ठेवावा की आजारपणात तो आठवड्याभरात हाती यावा, कारण प्लॉट गरजेच्या दिवशी विकला जात नाही. घराचे किंवा फ्लॅटचे खरेदीखत पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पतीच्या पश्चात तिला वारसनोंदीच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. केवळ मुखत्यारपत्रावर मिळकत घेऊ नये. तशा विक्रीने मालकी येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंदमापी रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला, आणि तेव्हापासून यवतमाळच्या नियोजित स्थानकाच्या आसपासचे प्लॉट गाडीच्या भरवशावर विकले जात आहेत. गाडी यवतमाळला आली म्हणजे नागपूर अधिक जवळ येईल, आणि येथे राहून तेथे नोकरी करणारा वर्गही कदाचित उभा राहील. त्या दिवसाची वाट पाहत आज जो कोणी स्थानकाजवळ जमीन घेत असेल त्याने मोजणीखात्याकडून हद्द कायम करून घ्यावी, भूसंपादनाची अधिसूचना वाचावी, आणि मे महिन्यात तेथल्या विहिरीत डोकावून यावे.